वीस वर्षं उभ्या असलेल्या दोन जपानी गाड्या: आरडी ३५० घ्यावी की सीबी ७५०?

जुनं_लोखंड

सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्यांचा आवाज ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांनी जरा सल्ला द्या. दोन गाड्या समोर आहेत. दोन्ही साधारण वीस वर्षं उभ्या आहेत आणि घ्यायची आहे एकच.

पहिली १९७४ची यामाहा आरडी ३५०. मालकाने मागच्या महिन्यात कार्ब (कार्बुरेटर) साफ करून चालू करून दाखवली. पांढरट धूर थांबतच नाही. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन काही वेळ चढ्या रेसवर राहतं, मग हळूहळू खाली येतं.

दुसरी होंडा सीबी ७५०, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे के४ मॉडेल. अजून चालू केलेली नाही. इंजिन मोकळं आहे, चारही सायलेन्सर मूळ दिसतात. ऑइलच्या टाकीत काडी घातली तर कोरडी येते. मालक म्हणतो साडेतीन लिटर ऑइल ओता, बॅटरी लावा आणि स्टार्टर मारा. एक शंका आहे: चासी आणि इंजिनचे नंबर जुळत नाहीत. इंजिन बदललेलं असेल का?

दोन्हींचं काम घरीच करायचं आहे. साधी हत्यारं आहेत, वेळ भरपूर आहे. पैसे देण्याआधी काय काय तपासू?

---

पॉइंटगॅप

आधी सीबीबद्दल, कारण तिथे मालकाचा सल्ला ऐकलात तर पहिल्या दिवशीच घोटाळा होईल.

ऑइल ओतू नका. सीबी ७५०चं इंजिन ड्राय संप आहे. ऑइल इंजिनखाली नसतं, उजव्या बाजूच्या टाकीत असतं. पंप ते तिथून ओढतो आणि फिरून आलेलं परत टाकीत टाकतो. टाकीतलं ऑइल खाली उतरू नये म्हणून पंपात एक छोटी झडप आहे, स्प्रिंग आणि रबरी रिंगवर बसणारी. ते रबर कडक झालं की ऑइल थेंबाथेंबाने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरत राहतं. वीस वर्षांत अख्खी टाकी रिकामी होते. तुमची काडी कोरडी आहे ती म्हणूनच. ऑइल गाडीतच आहे, फक्त चुकीच्या जागी. वरून आणखी साडेतीन लिटर ओतून स्टार्टर मारलात तर क्रँक त्या तळ्यात आपटेल, ब्रीदरच्या नळीतून ऑइल बाहेर येईल आणि सायलेन्सरमधून एवढा धूर निघेल की रिंगा गेल्या असं समजून इंजिन उघडायला घ्याल.

टाकीचा ड्रेन नट आणि इंजिनखालचा ड्रेन नट, दोन्ही काढा. जे निघेल ते मोजा. खालून दोन-अडीच लिटर आलं तर माझा अंदाज बरोबर. ते ऑइल चाळणीतून गाळून बघा. चमकणारे कण थोडे असले तर चालतील, पत्रीसारखे तुकडे असले तर पुढे जाऊ नका. तळाशी पाणी साचलंय का तेही बघा.

फिल्टर इंजिनच्या पुढच्या बाजूला, लांब बोल्टने धरलेल्या वाटीत आहे. त्या बोल्टचं डोकं लहान आणि मऊ आहे. बारा पॉइंटचा रिंग पाना लावलात तर डोकं गोल होणारच, सहा पॉइंटचा सॉकेटच लावा. आत फिल्टरमागे एक स्प्रिंग आणि वॉशर असतो. जुन्या फिल्टरला चिकटून तो कचऱ्यात जातो, हे फार वेळा होतं. वॉशर नसेल तर फिल्टर बसत नाही आणि ऑइल न गाळताच पुढे जातं.

नंबर. होंडाच्या या गाड्यांचे चासी आणि इंजिन नंबर कारखान्यातूनच जुळत नसत. दोन्ही एका टप्प्यातले, थोड्याफार फरकाचे असले की पुरे. तंतोतंत जुळले तर उलट शंका घ्यावी. यामाहाचं बरोबर उलट आहे. आरडी ३५०च्या चासीवर आणि इंजिनवर ३५१ने सुरू होणारा एकच नंबर असतो. म्हणजे शंका घ्यायचीच असेल तर ती आरडीवर घ्या, दोन्ही नंबर नीट पुसून वाचा.

आणि कोणी "सँडकास्ट आहे" (म्हणजे इंजिनची केस वाळूच्या साच्यात ओतलेली) म्हणून भाव वाढवत असेल तर चासी नंबर बघा. १९६९च्या सुरुवातीच्या त्या गाड्या १००७४१४ नंबरला संपतात. के४शी त्यांचा संबंध नाही.

इंजिन फिरवताना. उजवीकडचं पॉइंटचं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्टचं) झाकण काढलंत की मध्यभागी मोठा षटकोनी वॉशर दिसेल, २३ मिमीचा. पाना त्यालाच लावायचा आणि घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. त्याच्या मधल्या १० मिमीच्या नटला पाना लावून जोर दिलात तर आतला बारीक दांडा तुटतो. तो तुटला की पॉइंट सेट करण्याची गोष्टच संपली. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर पातळ ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग फिरवा.

---

धुरकट

आरडीचा मालक तुम्हाला कार्ब साफ केल्याचं सांगतोय. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं कार्बची नाहीत.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हीच पेट्रोल-हवेची पंपिंगची जागा. तिच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असते. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट आहेत, ती बाजू कोरडी. उजवीकडे क्लच आणि गिअरबॉक्सचं ऑइल आहे, ती बाजू ओली. वीस वर्षांत सीलचं रबर लाकडासारखं होतं.

उजवी सील गेली की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. तोच तुमचा न थांबणारा पांढरट धूर. खात्री करायची असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल काढून मोजा. भरताना ते १.६ लिटरच्या आसपास असतं. निघालेलं बरंच कमी असेल आणि खाली जमिनीवर डाग नसेल, तर ते सायलेन्सरमधून गेलं.

डावी सील गेली की धूर नाही, आवाज नाही, नुसती हवा आत येते. मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस वर अडकणं हे त्याचंच लक्षण. ही सील जास्त धोक्याची, कारण गाडी उलट जास्त चपळ वाटते आणि लांबच्या पट्ट्यावर पिस्टन सीझ होतो. त्या मालकाला सांगा, आता आणखी चालू करून दाखवू नकोस.

तपासायला लीक टेस्ट करा. घरी होते. दोन्ही सायलेन्सरचे पाइप काढून एक्झॉस्टची तोंडं रबरी पट्टी आणि पत्र्याने बंद करा. एका कार्बच्या जागी बूच, दुसऱ्या जागी बूच आणि त्यात सायकलची व्हॉल्व्ह नळी. प्लग घट्ट बसवा. सहा पौंड दाब द्या, म्हणजे साधारण ०.४ बार, आणि सहा मिनिटं थांबा. जवळजवळ जसाच्या तसा टिकला तर इंजिन घट्ट आहे. घसरला तर साबणाचं पाणी लावत जा. दहा पौंडांच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगली सीलही बाहेर ढकलली जाईल.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक, दोन सिलिंडरच्या मधली सील रबरी नसते, लॅबिरिंथ असते, म्हणजे नुसत्या बारीक खाचांची. तिथून दोन्ही क्रँककेसमध्ये हवा थोडी इकडेतिकडे जाते, तो दोष नव्हे. म्हणून एकच सिलिंडर बंद करून टेस्ट केली तर निकाल खोटा येतो, दोन्ही एकत्र बंद करा. दुसरं, उजव्या सीलमधून सुटलेली हवा बाहेर दिसत नाही, गिअरबॉक्समध्ये जाते. गिअरबॉक्सच्या ब्रीदरला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे आले की उजवी सील गेली.

दाब कुठून जातोय ते बघताना दोन्ही इनटेक जोडणारी छोटी रबरी नळी विसरू नका. ती तडकते आणि सगळे सीलला शिव्या देतात.

आता खरा खर्च. सील बाहेरून उपटून नवी ठोकण्याचा मोह होतो. वीस वर्षं उभ्या गाडीत ते करू नये. टू-स्ट्रोकचा क्रँक ऑइलात बुडालेला नसतो. बेअरिंगवर जे काही ऑइल असतं ते पेट्रोलबरोबर आलेलं. गाडी उभी राहिली की क्रँककेसच्या तळाशी ओल जमते आणि बेअरिंगच्या गोळ्या, कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक, जिथे पाणी टेकतं तिथे गंजाचे बारीक खड्डे पडतात. चालू केल्यावर शे-दोनशे किलोमीटर सगळं ठीक, मग गुरगुर. केस आडवी उघडते, म्हणजे काम अवघड नाही. पण क्रँक दाबून जोडलेला असतो. तो सुटा करून परत बसवायला प्रेस आणि सरळ करणारा जाणकार लागतो. बसवल्यावर डायल गेजवर लचक ०.०३ मिमीच्या आत हवी. केस न उघडता अंदाज घ्यायचा तर सिलिंडर काढून रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडे हलवा. २ मिमीच्या वर हललं तर क्रँक सुटा करायचाच.

तेव्हा आरडी घ्यायची असेल तर क्रँकचं काम धरूनच किंमत ठरवा. "चालू आहे" या शब्दाला टू-स्ट्रोकमध्ये शून्य किंमत.

---

चार_नळ्या

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले. सीबीच्या कार्बबद्दल भर घालतो, कारण वीस वर्षांनी वेळ खाणार तेच.

चार केहिन कार्ब, २८ मिमी. पूर्ण रॅक (एकत्र जोडलेले चारही कार्ब) उतरवल्याशिवाय काम होत नाही, स्प्रे मारून तर नाहीच. पण चारही कार्ब एकमेकांपासून सुटे करू नका. ते पुन्हा एका पातळीत आणण्यात दोन दिवस जातात. फ्लोटच्या वाट्या तारेच्या क्लिपने बसवलेल्या असतात, त्या रॅक जोडलेला असतानाही निघतात. मेन जेट स्क्रूचा नाही, रबरी रिंगवर दाबून बसवलेला आहे. ओढून निघतो. रिंग कडक झाली असेल तर जेटच्या बाजूनेही पेट्रोल येतं आणि प्लग काळे पडतात. त्यावर लोक लहान जेट घालत सुटतात. आधी रिंग बदला.

पायलट जेटच्या भोकातून डोळ्याला उजेड दिसला पाहिजे. तार घालून भोक मोठं करू नका. गिटारची सगळ्यात बारीक तार हलक्या हाताने चालते, बाकी काम अल्ट्रासॉनिकचं.

फ्लोटची उंची २६ मिमी. सुईची टोकं नवी घ्याच. आणि ही गोष्ट फार कमी लोक बघतात: वाटीत एक पितळी ओव्हरफ्लो नळी उभी असते, तिला उभी चीर जाते. सुई नवी, उंची बरोबर, तरी खाली पेट्रोल टपकतंय असं झालं की वाटी उलटी धरून नळीच्या तळाला बोट लावा आणि वर तोंडाने फुंका. हवा गेली की चीर. बारीक सोल्डर लावून दुरुस्त होते.

एअर स्क्रू सुरुवातीला एक फेरा बाहेर. आयडल ९५० आरपीएमच्या आसपास. सगळ्यात शेवटी व्हॅक्यूम गेजने चारही कार्ब जुळवा. इनटेकच्या छोट्या स्क्रूच्या जागी गेजचे अडॅप्टर लागतात. चौघांत ३ सेंटिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त फरक नको. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पॉइंट बरोबर असल्याशिवाय गेज लावण्यात अर्थ नाही. सगळा क्रमाचाच खेळ आहे: टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, मग कार्ब. उलट केलंत तर कार्बवर चूक झाकली जाते आणि पुढे कधीच सापडत नाही.

सायलेन्सर मूळ असतील तर जपा. आतून सडलेत का ते टाचणीने टोचून बघा, ते आतूनच गंजतात. बाजारातला चार-मधून-एक लावलात की जेटिंग बदलावं लागतं, आणि चार वेगळ्या नळ्यांचा तो आवाजही जातो.

आवाजाचाच विषय निघालाय म्हणून: सीबीच्या चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांवर एक स्फोट होतो. आरडीचे दोन सिलिंडर १८० अंशांच्या क्रँकवर टू-स्ट्रोक आहेत, म्हणजे तिथेही दर १८० अंशांवर एक. फेऱ्यागणिक ठोके दोघींचे सारखेच. तरी एकीचा आवाज सुती कापड फाडल्यासारखा आणि दुसरीचा डब्यात खडे घातल्यासारखा. फरक पोर्टांचा आणि नळ्यांचा.

---

स्क्रूवाला

छोटा मुद्दा, पण यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. या गाड्यांचे चौफुली स्क्रू फिलिप्सचे नाहीत, जपानी जेआयएस मापाचे आहेत. डोक्यावर बारीक ठिपका असतो. फिलिप्सचा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर उचलून येतो आणि खाच खातो. पॉइंटच्या आणि क्लचच्या झाकणाचे स्क्रू फाटलेले दिसले की आधीच्या मेकॅनिकने चुकीचा पेचकस वापरला, एवढंच समजायचं. जेआयएसचे दोन पेचकस आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आधी डोक्यावर दोन ठोके सरळ मारा, आटे सुटायला तेवढं पुष्कळ होतं. आटे सुटले नाहीत तरी ॲल्युमिनियमला एकदम आग लावू नका. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून रात्रभर सोडा.

टायर कितीही जाड दिसले तरी काढाच. बाजूला तारखेचा कोड असतो. तीन अंकी असेल तर टायर २०००च्या आधीचा.

---

पॉइंटगॅप

@स्क्रूवाला, तो ठिपका सगळ्या जुन्या स्क्रूंवर नसतो हो. ठिपका नाही म्हणून कोणी फिलिप्स घालू नये. बाकी बरोबर.

---

जुनं_लोखंड

सर्वांचे आभार. दोन्हीकडे जाऊन तपासून आलो, निकाल देतो.

आरडी: गिअरबॉक्समधून जेमतेम एक लिटर निघालं. लीक टेस्टमध्ये दीड मिनिटात दाब संपला. ग्लासात बुडबुडे आले, आणि डावीकडे अल्टरनेटरमागेही साबणाला फेस आला. नंबर जुळतात.

सीबी: टाकीतून काही नाही, इंजिनखालून पावणेतीन लिटर. कण नाहीत. ऑइल बदललं आणि दुसरी बॅटरी लावून स्टार्टरवर कॉम्प्रेशन घेतलं. इंजिन गार होतं, प्लग एकेक करून काढले. आकडे: ८, ८.५, ४, ८ किलो. तीन नंबर एवढा कमी म्हणजे पिस्टन गेला का? आणि इग्निशन लगेच इलेक्ट्रॉनिक करून टाकू का?

---

पॉइंटगॅप

आधी टेस्टची पद्धत सुधारा. चारही प्लग एकदम काढलेले हवेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरलेला हवा. या कार्बमध्ये स्लाइड खाली असली की हवाच आत जात नाही, म्हणून चारही आकडे कमी दिसतात. तसं पुन्हा घ्या. १० ते १२च्या दरम्यान आले तर खुशाल.

तीन नंबरबद्दल पिस्टनवर लगेच जाऊ नका. आधी टॅपेट. वीस वर्षं एखादी व्हॉल्व्ह उघडी राहिली असेल तर सीटवर गंजाचा पापुद्रा बसतो. किंवा क्लिअरन्स शून्य असेल, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही.

क्लिअरन्स इंजिन पूर्ण गार असताना: इनटेक ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.०८ मिमी. पॉइंटच्या प्लेटमधून दिसणारी टी १.४ खूण (१ आणि ४चे पिस्टन टोकावर) जुळवा. एक नंबर कॉम्प्रेशनवर असेल तर त्याचे दोन्ही रॉकर ढिले लागतात. त्या स्थितीत इनटेक १ आणि ३, एक्झॉस्ट १ आणि २ सेट करा. मग क्रँकचा पूर्ण एक फेरा, पुन्हा तीच खूण, आणि उरलेले: इनटेक २ आणि ४, एक्झॉस्ट ३ आणि ४. फायरिंग ऑर्डर १-२-४-३ असल्यामुळे हा क्रम असा येतो. १-२-३-४ धरून कोणी सांगितलं तर ऐकू नका. फीलर गेज ओढताना हलकी पकड लागली पाहिजे. ०.०५ची पाती एवढी बारीक असते की दुमडून खोटी पकड दाखवते, ती सरळ आहे ना बघा.

त्यानंतर पुन्हा कॉम्प्रेशन. तीन नंबर तरी कमीच आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घाला आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंग चिकटली आहे. नाही चढला तर व्हॉल्व्ह. मग तीन नंबर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून भोकातून हवा सोडा. सायलेन्सरमध्ये सूऽऽ ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बमध्ये आलं तर इनटेक. चिकटलेली रिंग बरेचदा गाडी चालवल्यावर मोकळी होते. व्हॉल्व्ह मात्र हेड काढल्याशिवाय सुटत नाही, आणि या गाडीचं हेड इंजिन चासीतून उतरवल्याशिवाय निघत नाही. वरचं झाकण फ्रेमला अडतं. इंजिनचं वजन ८० किलोच्या आसपास आहे, दोन माणसं आणि जॅक ठेवा. किंमत ठरवताना हे धरा.

---

चार_नळ्या

इलेक्ट्रॉनिकबद्दल माझं मत: आत्ता नको. पॉइंटवर गाडी नीट चालवून दाखवा, मग हवं तर बदला. नाहीतर आधीचा दोष आणि नव्या किटचा दोष एकमेकांत मिसळतो.

पॉइंटचे दोन संच आहेत. एक १ आणि ४ला, दुसरा २ आणि ३ला. प्रत्येकाची एक कॉइल, दोन्ही प्लग एकदम पेटतात. गॅप ०.३ ते ०.४ मिमी. आधी मोठी प्लेट फिरवून १-४ची एफ खूण (ठिणगी पडण्याची) जुळवा, मग २-३ची फक्त छोटी प्लेट हलवा. उलट केलंत तर दुसऱ्यांदा सुरुवात. जुने पॉइंट वर्षानुवर्षं उभे राहून पांढरे पडतात. वरवर चांगले दिसतात पण करंट जात नाही. कोऱ्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून मधून ओढा.

एका जोडीवरच गाडी चालते आणि दुसरी मेलेली असेल तर कॉइल विकत घ्यायच्या आधी प्रायमरीच्या वायरी एकमेकांत बदला. दोष सरकला तर पॉइंट किंवा कंडेन्सर, तिथेच राहिला तर कॉइल. प्लगच्या टोप्या ओहममीटरवर मोजा, आतला रेझिस्टर जुना झाला की आकडा कुठल्या कुठे जातो. त्या स्क्रूसारख्या फिरवून निघतात. वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून नवी टोपी फिरवा. प्लग एनजीके डी८ईए, गॅप ०.६ ते ०.७.

चार्जिंगकडे नंतर बघा, पण एवढं लक्षात ठेवा की हा अल्टरनेटर आयडलवर बॅटरी भरत नाही. आयडलवर व्होल्टेज पडलेलं बघून रेग्युलेटर बदलू नका. रेस चढवून मोजा. काचेच्या १५ अँपिअर मुख्य फ्यूजच्या क्लिपा तापून ढिल्या होतात, निम्म्या "चार्जिंगच्या" तक्रारी तिथेच असतात.

---

धुरकट

आरडीचे दोन्ही सील गेलेत हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय. म्हणजे केस उघडणं आणि क्रँक, यातून सुटका नाही. हातात घेतली तर त्याच फेरीत रीडच्या (इनटेकच्या एकमार्गी झडपेच्या) पाकळ्या बघा. मूळ पाकळ्या स्टीलच्या असतात. टोकाला ०.३ मिमीपेक्षा जास्त उघड्या राहत असतील किंवा कडेला चीर असेल तर बदला, तुटलेला तुकडा थेट इंजिनात जातो. बोअर करावा लागला तर पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढीव मिळतात. टायमिंग डायल गेज प्लगच्या भोकात लावून, टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या टोकाच्या) २.० मिमी आधी, दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं. नुसत्या खुणेवर विसंबू नका. जास्त आगाऊ गेलं तर पिस्टनच्या डोक्यालाच भोक पडतं.

ऑटोल्यूब पंपावर, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइल आपोआप सोडणाऱ्या पंपावर, लगेच भरवसा नको. टाकीतलं जुनं ऑइल चिकट झालेलं असतं. टाकी धुवा, नळ्या नव्या, ब्लीड स्क्रू सोडून पंप हाताने फिरवत हवा काढा, ॲक्सिलरेटरच्या केबलशी पुलीची खूण जुळवा. पंपाचा किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी हवा, तो शिमने जुळतो. हे सगळं झाल्यावरही पहिल्या टाकीत लिटरमागे ३०-३५ मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळूनच चालवा. धूर जास्त होईल, होऊ दे. पंपाच्या टाकीतली पातळी खाली जाताना दिसली की मग मिसळणं बंद करा. उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनाने गाडी रोखत राहू नका. पंप ॲक्सिलरेटरला बांधलेला आहे, बंद केलात की ऑइलही जवळजवळ बंद.

तरुणपणी हीच गाडी मनात होती असं असेल तर घ्या, पण मग क्रँक झाल्याशिवाय किक मारणार नाही असं आधी ठरवा.

---

जुनं_लोखंड

प्लग चारही काढून, ॲक्सिलरेटर उघडा धरून पुन्हा मोजलं. टॅपेट सेट करताना तीन नंबरच्या एक्झॉस्टला क्लिअरन्स शून्य होता. आता आकडे ११, ११, ९.५, ११. ऑइल घातल्यावर तीन नंबर साडेदहा. सीबी घेतोय.

पुढचा ब्रेक मात्र जाम आहे. लीव्हर दगडासारखा, चाक हलवलं की डिस्क घासते.

---

स्क्रूवाला

दोन वेगळे दोष असतील. या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन आहे आणि अख्खा कॅलिपर एका हातावर झुलतो. तो हात पिव्होटवर गंजला की एकच पॅड डिस्कला घासत राहतो. पिव्होट काढून पॉलिश पेपरने साफ करा आणि ब्रेकचं ग्रीस लावा, साधं नको. पिस्टन काढायला हवा वापरू नका, उडून बोटं ठेचतात. मास्टर सिलिंडर जोडलेला असतानाच लीव्हर दाबत दाबत बाहेर ढकला. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर नवा. पिस्टनइतकीच त्याच्या सीलची खाचही खरवडून साफ करा. पांढरी पूड तिथेच साचते आणि सीलला पिस्टनवर दाबून धरते.

लीव्हर दगडासारखा आहे तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक बुजलं असणार. मास्टरवरच्या छोट्या टाकीच्या तळाशी दोन भोकं आहेत, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. ते बारीकच बघा. त्यातून ऑइल मागे येत नसेल तर प्रत्येक दाबानंतर ब्रेक आणखी घट्ट बसत जातो. होज मूळच्या असतील तर आतून फुगलेल्या असतात. बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. डॉट ३ किंवा डॉट ४ घाला, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

आणि ब्रेकचं काम होईपर्यंत चेन बघून घ्या. मूळची असेल तर फेकाच. या गाडीची चेन तुटली की पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि क्रँककेसला भोक पाडते. सुरुवातीच्या गाड्यांची कितीतरी इंजिनं अशीच गेली. ५३०ची चांगली चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.